पोहे, उकडपेंडी, कचोरी: नाश्त्यानंतर रक्तातली साखर का चढते?

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात तपासणीचं शिबिर झालं आणि आईची साखर जास्त निघाली. हातात एक छापील कागद मिळाला. त्यावर नाश्त्यासाठी ओट्स आणि ब्राऊन ब्रेड लिहिलं होतं, आणि पोह्यांवर फुली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. इथल्या किराणा दुकानात ओट्स मिळत नाहीत. आईने कागद देवाच्या फळीवर ठेवला, पोहे बंद केले आणि सकाळी चहासोबत चार टोस्ट खायला लागली. पंधरा दिवसांनी म्हणाली, "पोहे त बंद केले ना बाप्पा, मंग साखर काहून उतरत नाई?"

त्याच सुमारास मोबाइलवर ते व्हिडिओ फिरायला लागले. दंडावर रक्तातली साखर मोजणारं बिल्ल्यासारखं छोटं यंत्र चिकटवलेला माणूस प्लेटभर पोहे खातो आणि पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर चढते. ते पाहून शेजारच्या काकूंनी पोहे, साबुदाणा, पोळी सगळंच सोडलं. दोन दिवसांनी शेतात त्यांना चक्कर आली.

लोक घाबरले आहेत ते उगाच नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच नाश्त्याच्या ताटलीत नेमकं काय घडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. ते समजलं की घरचे पदार्थ टाकून द्यायची वेळ येत नाही. आमच्या घरी तरी आली नाही.

रक्तात साखर असते तरी किती?

निरोगी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. अख्ख्या देहात एक चमचा!

आता भरलेली पोह्यांची प्लेट घ्या. कोरडे पोहे ६० ग्रॅम धरले, तर त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, बहुतेक सगळी पिष्टाच्या रूपात. पिष्ट म्हणजे साखरेचे कण एकमेकांना जोडून झालेली लांब माळ. पोहे तोंडात बराच वेळ चावत राहिलो तर गोड लागायला लागतात, कारण लाळ ती माळ तोडायला तिथेच सुरुवात करते. पुढे आतड्यात ती पूर्ण तुटते आणि साखरेचे कण रक्तात उतरतात. एक चमचा साखर असलेल्या रक्तात तासा-दोन तासांत आणखी नऊ चमचे उतरायला बघतात. निरोगी शरीर हे रोज सांभाळतं. कसं, ते दिवाळीनंतर जिनिंगसमोर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यासमोर, उभं राहिलेल्या माणसाला लगेच कळेल.

कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जिनिंगच्या फाटकावर येतात. फाटकावरचा माणूस एकेक गाडी आत घेतो. गाड्या अंतराअंतराने आल्या तर रस्ता मोकळा राहतो. सगळ्या गावांच्या गाड्या एकदम आल्या, की रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत जाते. इथे गाड्या म्हणजे साखर, जिनिंग म्हणजे आपले स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी, आणि फाटकावरचा माणूस म्हणजे स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन. रस्त्यावर उभी राहिलेली रांग म्हणजेच यंत्रावर दिसणारा साखरेचा आकडा. आपल्याकडे जो मधुमेह जास्त दिसतो, त्यात फाटक आधीच जाम झालेलं असतं आणि माणूसही हळूहळू थकलेला असतो.

सकाळी तर आणखी एक अडचण. पहाटे शरीर स्वतःच उठायची तयारी करतं, यकृत साठवलेली साखर थोडी बाहेर सोडतं आणि त्या वेळी वाढलेली काही संप्रेरकं इन्सुलिनचं काम जड करतात. म्हणजे आपण पहिला घास घ्यायच्या आधीच रस्त्यावर काही गाड्या उभ्या असतात. बऱ्याच मधुमेहींची दिवसातली सगळ्यात मोठी चढ नाश्त्यानंतर दिसते ती यामुळेच.

पऱ्हाटी आणि बाभूळ

एकाच वजनाचं सरपण घेतलं तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भुर्रकन जळून जाते आणि बाभळीचा ओंडका रात्रभर धुमसतो. धान्याचंही तसंच आहे. दाणा जितका बारीक, चपटा, फुललेला, तितका तो आतड्यात लवकर फुटतो.

पोहे कसे होतात पाहा. धान भिजवतात, भाजतात आणि दाबून चपटं करतात. पाचकरसाचं अर्धं काम गिरणीतच झालेलं असतं. मुरमुरे त्याहून हलके, नुसते फुललेले. टोस्ट, खारी, बिस्किटं मैद्याची, म्हणजे कोंडा काढून पिठी केलेल्या गव्हाची, वर साखर. आईने पोहे सोडले आणि टोस्ट धरला, तेव्हा पऱ्हाटी टाकून तुराटी, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, पेटवल्यासारखं झालं.

अख्खा हरभरा मात्र बाभूळ आहे. त्याचं पिष्ट पेशींच्या जाड भिंतींमध्ये बंद असतं, सोबत प्रथिनं आणि भरपूर चोथा, म्हणजे फायबर. शिजला तरी तो सावकाश फुटतो.

हे मोजायची एक पद्धत टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. नाव ग्लायसेमिक इंडेक्स. ज्यात ५० ग्रॅम कर्बोदकं आहेत एवढा पदार्थ काही लोकांना खायला द्यायचा, दोन तास त्यांचं रक्त तपासायचं, आणि साखर किती चढली याची तुलना ५० ग्रॅम शुद्ध ग्लुकोजशी करायची. ग्लुकोजला १०० गुण. ५५ किंवा कमी आले तर संथ पदार्थ, ७० किंवा जास्त आले तर वेगवान. पांढरा ब्रेड ७० च्या वर जातो, हरभरा खूप खाली राहतो.

मात्र या गुणांवर आंधळा विश्वास ठेवला तर फसगत होते. टरबुजाचे गुण ७० च्या वर येतात, म्हणून उन्हाळ्यात कोणी टरबूज सोडू नये. त्याच्या १०० ग्रॅम गरात कर्बोदकं जेमतेम ८ ग्रॅम, बाकी पाणी. ५० ग्रॅम कर्बोदकं व्हायला अर्ध्या किलोहून जास्त गर एका बैठकीत खावा लागेल. गाड्या किती वेगाने येतात हे या गुणांवरून कळतं, गाड्या किती आहेत हे कळत नाही. आणि घरी आपण पोहे नुसते खात नाही. त्यात कांदा असतो, फल्लीदाणे (शेंगदाणे) असतात, तेल असतं, वरून सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू असतं. प्रत्येक गोष्ट रांग थोडी इकडेतिकडे करते.

उकडपेंडीचं काय?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो. कढईत तेल तापवायचं, मोहरी तडतडली की कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, फल्लीदाणे. मग जाडसर दळलेली कणीक, किंवा अर्धी कणीक आणि अर्धं ज्वारीचं पीठ, मंद आंचेवर खमंग वास येईपर्यंत परतायचं. आई पिठाचा रंग पाहत नाही, वासावर जाते. मग ताकाचा हबका मारायचा. पीठ चुर्र करतं आणि गोळा व्हायला लागतं. झाकण ठेवायचं. दोन वाफा आल्या की मोकळी, ओलसर, तांबूस उकडपेंडी तयार. वर सांभार.

आता तिच्याकडे साखरेच्या नजरेने पाहा. पीठ जाडसर, म्हणजे कण मोठे आणि फुटायला वेळ लागणारे. कोंडा आतच. शेंगदाण्यांची प्रथिनं आणि तेल, त्यामुळे पोट हळू रिकामं होतं. ताकाचा आंबटपणाही थोडा वेग कमी करतो. म्हणजे जिच्यासाठी बाजारात काहीच विकत घ्यावं लागत नाही अशी, कागदावर नसलेली, ओट्सची जागा सहज भरून काढणारी गोष्ट आमच्या कढईत होतीच. मला याचं फार वाईट वाटलं. ज्यांनी कागद छापला त्यांना उकडपेंडी, कण्या, आंबील हे शब्द माहीत असते, तर आईचे ते पंधरा दिवस टोस्टवर गेले नसते.

एक धोका सांगायलाच हवा. उकडपेंडी चविष्ट लागते आणि माणूस दोन वाट्या जास्त खातो. गाड्या संथ आल्या तरी दुप्पट आल्या तर रांग लागणारच. वाटी ठरवून घ्यावी, दही किंवा मोड आलेली मटकी सोबत घ्यावी.

ज्वारी म्हणजे औषधच ना?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून ज्वारीबद्दल असं बोललं जातं की जणू भाकर खाल्ली की साखर उतरते. तसं होत नाही. ज्वारीतही बहुतेक भाग पिष्टच आहे आणि भाकरीनंतर साखर चढतेच. फरक चोथ्याचा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा, पोह्यांत साडेतीनच्या आसपास. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही चोथा ज्वारीइतकाच असतो, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे घरी दळलेल्या कणकेच्या पोळीला घाबरायचं कारण नाही.

भाकरीचा खरा फायदा मला तिच्या सोबत्यांत दिसतो. भाकरीबरोबर आपण बिस्किट खात नाही. बेसन खातो, वरण खातो, अंबाडीची भाजी खातो, ठेचा आणि कांदा खातो. म्हणजे प्रथिनं आणि चोथा आपोआप येतात. पोहे आणि टोस्ट यांचा सोबती असतो गोड चहा.

आपल्याकडे भाकर कमी का झाली, हेही पाहिलं पाहिजे. वऱ्हाडात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. उरलीसुरली ज्वारी रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत. रेशनवर वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच मिळत आले. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तर धान हेच मुख्य पीक, तिथल्या माणसाला ज्वारी खा म्हणणं म्हणजे विकत घ्या म्हणणं. त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे: भात किंवा पोहे थोडे कमी आणि त्यासोबत लाखोळी (लाख डाळ) सोडून कुठलीही घरची डाळ, पोपट (वालाचे दाणे), चवळी जास्त. लाखोळी वगळायला सांगतो, कारण ती रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पायांना लुळेपणा येऊ शकतो.

आजोबा हेच खाऊन ठणठणीत होते, मग?

होते. पण आजोबा नाश्ता करून बैलांच्या मागे चालत. काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. जिनिंगचं मागचं फाटक उघडल्यासारखं होतं ते. आज आपण नाश्ता करून मोटरसायकलवर बसतो. निंदणाला जाणाऱ्या बाईला जी ताटली पचते, तीच ताटली दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्याला जड जाते.

म्हणून नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आई आता उठून गोठ्यापर्यंत जाते, शेण भरते, अंगण झाडते. आधी ही कामं ती नाश्त्याच्या आधी करायची. फक्त क्रम बदलला.

शिळी भाकर चांगली म्हणतात, खरं का?

थोडं खरं आहे. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात फुटत नाही. गरम केलं तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. शिळ्या भाकरीचा ताकात केलेला कुस्करा या हिशेबाने ताज्या भाकरीपेक्षा किंचित संथ. पण हा फरक लहान आहे, त्याच्या भरवशावर एक भाकर जास्त खाऊ नये. आणि भाताच्या बाबतीत जपा. शिजलेला भात उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की ते गरम करूनही जात नाही. आपल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकण्यापूर्वी तो रात्रभर कुठे होता हे आठवावं.

गुळाच्या चहाबद्दल एवढंच: गुळात मुख्यतः साखरच असते. रक्ताला फारसा फरक कळत नाही.

प्रवासात काय करायचं?

इथे खरी परीक्षा. पहाटे पाचची एसटी धरायची, सातला स्टँडवर उतरायचं, पोटात कावळे. समोर तर्रीपोहे, आलुबोंडा, साबुदाण्याची उसळ आणि चहा. शेगावला उतरलो तर कचोरी.

यातले तर्रीपोहे माझ्या मते सगळ्यात सहज सुधारता येतात, कारण त्यावरची तर्री, म्हणजे तिखट रस्सा, काळ्या चण्यांची असते. म्हणजे पऱ्हाटी आणि बाभूळ एकाच प्लेटमध्ये! गाडीवाल्याला सांगायचं, "भाऊ, पोहे अर्धे द्या, चणे जास्त टाका, शेव राहू द्या." आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. आणि पहिले चार-पाच घास चण्यांचे घ्यायचे. भाजी किंवा प्रथिनं आधी आणि पिष्ट नंतर खाल्लं तर चढ कमी राहते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

आम्ही घरी मोजून पाहिलं. नुसत्या पोह्यांच्या दिवशी, पहिल्या घासापासून दोन तासांनी, आईचा आकडा २१८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). अर्धे पोहे आणि वाटीभर चणे खाल्ले त्या दिवशी १७१. हे आईचे दोन दिवसांचे आकडे, यावरून नियम होत नाही, तुमचे वेगळे येतील. पण मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी जेवणानंतर १८० च्या आत राहा असं डॉक्टर सांगतात, आणि आईला पोहे न सोडता तिथे पोचता आलं. त्या दिवशी तिने वहीत आकडा स्वतः लिहिला.

साबुदाणा हा कंदापासून केलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च. प्रथिनं नाहीत, चोथाही नगण्य. एकादशीला खायचाच असेल तर लहान वाटी, फल्लीदाण्याचा कूट सढळ हाताने आणि सोबत दही.

आता कचोरी. कोणी यंत्र लावून पाहिलं आणि म्हणालं की कचोरीने पोह्यांपेक्षा साखर कमी चढली, तर ते अगदी शक्य आहे. तेलामुळे पोट हळू रिकामं होतं, म्हणून चढ संथ दिसते, पण ती जास्त वेळ टिकूही शकते. शिवाय दंडावरचं यंत्र फक्त साखर मोजतं. मैदा, दिवसभर तापलेलं तेल, मीठ यांचा हृदयावर होणारा परिणाम त्या रेघेत दिसत नाही. व्हिडिओ पाहून कचोरीला पोह्यांपेक्षा चांगलं ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. शेगावच्या दर्शनाला वर्षातून दोनदा जाणाऱ्याने एक कचोरी खावी, तळलेल्या मिरचीसकट.

घरून डबा नेता आला तर उत्तमच. कोरडी उकडपेंडी दुपारपर्यंत टिकते. भाजलेले फुटाणे आणि फल्लीदाणे खिशात मावतात, उन्हाळ्यातही बिघडत नाहीत.

मग नाश्ताच सोडला तर?

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे मनाने करू नये. काही गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही खाल्लं की नाही हे न पाहता साखर उतरवत राहतात. सकाळी गोळी घेतली, बस चुकली, नाश्ता राहिला, की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं. आमच्या काकूंना शेतात चक्कर आली ती अशीच. गोळी चालू आणि ताटली रिकामी. सोबतच्या बायकांना वाटलं ऊन लागलं, म्हणून त्यांना पाणी पाजून झाडाखाली निजवलं. डब्यातली साखर त्यांना अर्ध्या तासाने मिळाली.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायची आणि मग काहीतरी खाऊ घालायचं. गुळाचा खडाही चालतो, गोड चहाही चालतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा. काकूंच्या पदराच्या गाठीत आता साखरेची पुडी असते, आणि निंदणाला सोबत जाणाऱ्या चौघींना ती कुठे आहे हे माहीत आहे.